हिरव्या बुचाची बाटली

ओढा शिमग्याला आटतो, हे कासार आंबोलीच्या शिवारात कुणाला सांगावं लागत नाही. होळीची बोंब मारून झाली की तळातले गोटे उघडे पडतात, म्हशी त्यांना उगाच नाक लावून बघतात आणि मृगापर्यंत ओढा पोरांना क्रिकेट खेळायला मोकळा. पण त्या वर्षी चैत्र सरला तरी ओढा वाहतच होता. माणसं आधी खूश झाली. भिकू ढमाल्यानं वांग्याला ओढ्याचं पाणी सोडलं आणि "देवाची करनी अन् नारळात पानी" म्हणत भावकीत मिरवून आला. तिसऱ्या दिवशी पाणी मुरल्यावर वाफ्यात जे शिल्लक राहिलं, ते त्याच्या बायकोनं, रत्नाबाईनं बघितलं आणि पदर नाकाला लावला. करणी देवाची नव्हती. वरच्या उतारावर बंगल्यांची स्कीम झाली होती, तिथल्या शनिवार-रविवारच्या माणसांची होती.

सोमवारी ओढा सगळ्यात जास्त वाहायचा. दोन दिवस खाऊनपिऊन, न्हाऊनधुऊन माणसं पुण्याला परत गेली की त्यांचं सगळं सावकाश खाली यायचं.

ओढ्यापासून वीस पावलांवर ढमाल्यांची विहीर. भिकूच्या बापानं सुरुंग न लावता, नुसत्या पहारीनं खणलेली. पिण्याचं पाणी तिचं, गुरांचं तिचं आणि आंबेमोहराच्या रोपाला पाऊस लांबला तर आधारही तिचाच. वैशाखात त्या पाण्याचा चहा नासायला लागला. रत्नाबाईनं आधी दुधाला दोष दिला, मग भांड्याला, मग बारावीत शिकणाऱ्या लेकीला, वैष्णवीला. एका सकाळी तिनं पोहरा वर ओढला तर पाण्यावर साबणाचा फेस होता. मग दोष द्यायला घरातलं कुणी उरलं नाही.

गावानं अर्ज केले. अर्जांचं जे होतं ते झालं. शेवटी कुठून तरी हुकूम आला की स्कीमवाल्यांनी पाण्याचा बंदोबस्त करावा, आणि स्कीमवाल्यांनी पुण्यातल्या एका संस्थेचे शास्त्रज्ञ आणले. त्यांचे मुख्य दयानंद सर. पन्नाशीचा माणूस, खादीचा शर्ट, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. ते थेट ओढ्यात उतरले, मूठभर गाळ उचलला, नाकाशी नेला आणि म्हणाले, "माती गुदमरलीय हो."

आजवर ओढ्याकडं आलेला प्रत्येक साहेब काठावरून, रुमालाआडून बोलला होता. हा माणूस गाळ हातात घेतो म्हटल्यावर रत्नाबाईचा त्याच्यावर विश्वास बसला. पुढं जे झालं त्यात ही गोष्ट विसरता येत नाही. सर तेव्हा खरे होते.

मार्गशीर्षात ओढ्याच्या कडेला, ढमाल्यांच्याच बांधालगत, तीन मोठे हौद खणले. तळाला मोठे दगड, वर खडी, वर वाळू. त्यात पाणकणीस, लव्हाळा आणि कर्दळ लावायची. स्कीमचं पाणी पहिल्या हौदात शिरणार, झाडांच्या मुळांतून सावकाश झिरपत तिसऱ्यातून बाहेर पडणार.

"निसर्गच साफ करतो, आपण फक्त त्याला जागा द्यायची," सर म्हणायचे. भिकूनं आणि रत्नाबाईनं त्या जागेसाठी महिनाभर घमेल्यानं खडी वाहिली. डोक्यावरची चुंबळ झिजली, मानेत कळ बसली. पण सरांच्या हाताखाली काम करणारी जुईली नावाची मुलगी रोज सांगायची, "काकू, हे चाललं ना, की तुमची विहीर वाचली." रत्नाबाईला एवढंच वाक्य पुरत होतं.

पावसाळ्यात झाडं पुरुषभर वाढली. कर्दळीला लाल फुलं आली, तेव्हा फोटो काढायला बरीच माणसं येऊन गेली. फुलांच्या मागं पहिल्या हौदाच्या तोंडाशी एक लोखंडी जाळी होती. तिचा फोटो कुणी काढला नाही.

जाळी साफ करायचं काम रत्नाबाईकडं आलं. दुसरं कुणी तयारच नव्हतं. रोज सकाळी दाताळं घेऊन ती जाळीवर अडकलेलं ओढून काढायची. केसांचे गुंते, पावाचे भिजलेले लगदे, शॅम्पूच्या पुड्या, पोरांचे फुगून टम्म झालेले कागदी लंगोट, बायकांच्या अडचणीच्या घड्या, आणि रबराचे ते पांढरे फुगे, जे दाताळ्याच्या दाताला चिकटले की हातानंच सोडवावे लागत. इतर दिवशी दीड घमेलं, सोमवारी चार. सगळं खड्ड्यात पुरायचं, वर चुना मारायचा. संस्थेनं रबरी हातमोजे दिले होते. ते आठवड्यात फाटले आणि पुढचे मंजूर व्हायचे होते.

घरी आल्यावर ती राखेनं हात घासायची, मग लिंबाच्या पाल्यानं, मग साबणानं. वास जायचा नाही. नखाच्या कडेला तो बसलेलाच असायचा. भाकरी थापायला घेतली की भिकू म्हणायचा, "वैशूला थापू दे की." तो हे हळू म्हणायचा, पण म्हणायचा. वैष्णवीची भाकरी जाड व्हायची, कडेला चिरायची. भिकू ती मुकाट खायचा. रत्नाबाई उजवा हात मांडीवर ठेवून नुसती बघत बसायची. संक्रांतीला भावकीतल्या साळूबाईनं तिला हळदीकुंकवाला बोलावणं पाठवलं नाही. विहिरीवर भेटल्यावर साळूबाईच म्हणाली, "राग नगं मानू, पर लोकांचा गू काडायचं काम आपल्यात कुनी केलंया का?"

"मंग कुनी करायचं?" रत्नाबाईनं विचारलं. साळूबाईनं कळशी कमरेवर घेतली. कुणी करायचं हे तिच्या मनात ठरलेलं होतं, फक्त बोलायची लाज होती. घाण करणाऱ्यापेक्षा काढणारा बाटतो, ही आपली जुनी खोड. वरच्या बंगल्यातल्या बाईला साळूबाई वाकून नमस्कार करायची.

दसऱ्यापासूनच दर मंगळवारी पाण्याची तपासणी सुरू झालेली होती. दोन बाटल्या. लाल बुचाची पहिल्या हौदाच्या तोंडाशी भरायची, हिरव्या बुचाची तिसऱ्या हौदाच्या बाहेर. पहिले तीन मंगळवार जुईलीनं स्वतः भरल्या. आकडे बरे होते, चांगले नव्हते. स्कीमचं पाणी सांगितल्यापेक्षा जास्त येत होतं आणि झाडं पुरी पडत नव्हती. तिसऱ्या मंगळवारी जाताना ती म्हणाली, "काकू, इथून पुढं बाटल्या तुम्हीच भरून ओट्यावर ठेवत जा. मला पुढं अजून दोन ठिकाणी जायचं असतं. आणि अहवालात लोकसहभागही दाखवायचाय." तिनं बाटल्यांवर कागदाची चिठ्ठी चिकटवली. 'नमुना घेणाऱ्याचे नाव' असं छापलं होतं, त्यापुढं तिनं शाईनं लिहिलं.

जीप गेल्यावर वैष्णवीनं वाचलं, "रत्नाबाई भिकू ढमाले. आई, तुजं नाव पुन्याला चाललंय!"

रत्नाबाईला अक्षरं येत होती, सहीपुरती. तिनं आपल्या नावावरून बोट फिरवलं. हे नाव आजवर रेशनकार्डावर होतं, मतदारयादीत होतं आणि लग्नपत्रिकेत एकदा. पुढच्या सोमवारी तिनं हिरवी बाटली भरून उन्हात धरली. पाणी करडं होतं. आत काहीतरी बारीक, पिवळं, सावकाश वरखाली होत होतं, आणि त्याच्यावर तिचं नाव. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्याच्या दारी साधं पाणी मागितलं तरी माणूस गाळून देतो. आपण आपल्या नावानं हे पाठवायचं?

तिनं ते पाणी ओतून दिलं. संध्याकाळी तिसऱ्या हौदाच्या तोंडाशी कळशी भरली, लुगड्याच्या चार पदरी घडीतून गाळली, आणि पावसाळ्यात गढूळ पाण्याला करतात तशी तुरटी फिरवली, जरा जास्तच. सकाळी सगळा गाळ तळाला बसला होता. वरचं निवळ पाणी तिनं न हलवता बाटलीत भरलं. लाल बाटलीला मात्र हात लावला नाही. लाल बाटली वरच्या लोकांची, त्यांची घाण जशी असेल तशी जाऊ दे. हिरवी आपली.

दर मंगळवारी हेच. जुईली जीपमधून उतरायची, ओट्यावरच्या बाटल्या उचलून बर्फाच्या डब्यात ठेवायची आणि जायची. हौदापर्यंत उतरत नव्हती.

दोन महिन्यांनी दयानंद सर पेढे घेऊन आले. कागदावर एक रेघ होती, ती चौथ्या आठवड्यापासून धाडकन खाली आली होती. "बघा रत्नाबाई, हे तुमचं काम," सर म्हणाले आणि त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. बरोबर स्कीमचा मॅनेजर निषाद होता. त्यानं तिचा हात हातात घेऊन फोटो काढवून घेतला आणि गाडीत बसल्याबरोबर बाटलीतलं काहीतरी औषध हाताला चोळलं. काच वर करायला तो विसरला होता.

"विहिरीला वास येतोयच पर," रत्नाबाई जुईलीला म्हणाली.

"जमिनीतलं पाणी हळूहळू बदलतं, काकू. धीर धरा."

धीर धरायला वेळ मिळाला नाही. त्याच कागदावर स्कीमला दुसऱ्या टप्प्याची परवानगी मिळाली आणि माघात आणखी चाळीस बंगल्यांची लाइन पहिल्या हौदाला जोडली. पंधरा दिवसांत पाणकणसाचे शेंडे पिवळे पडले, खडी बुळबुळीत झाली. हौद भरून वाहायला लागले ते थेट ढमाल्यांच्या बांधावरून विहिरीकडं. विहिरीत पोहरा सोडला की आता पाण्याचा आवाजही वेगळा यायचा. वैष्णवीच्या अंगाला खाज सुटली, मानेपासून पोटरीपर्यंत. गाय विहिरीच्या पाण्याची बादली हुंगून तोंड फिरवायची. भिकूला तेवढ्यात स्कीममध्ये माळ्याचं काम लागलं होतं, आणि निषाद साहेबाच्या मेहेरबानीनं रोज सकाळी ओट्यावर गार पाण्याचा एक जार यायचा. भिकू त्यातलं पाणी पाहुण्यांना कौतुकानं द्यायचा. बापानं खणलेली विहीर समोर नासत होती आणि हा बाबा जारचा नळ दाबून दाखवत होता.

त्याच आठवड्यात जुईली आली. मंगळवार नव्हता. ती सरळ हौदावर उतरली, बराच वेळ उभी राहिली आणि मग ओट्यावर येऊन बसली. तिचा चेहरा उतरला होता.

"काकू, एक विचारू? साबणाच्या पाण्यात एक घटक असतो, फॉस्फेट म्हणतात. तुमच्या बाटलीत तो जवळजवळ नाहीच. झाडं एवढं खात नाहीत. तुम्ही बाटली भरता कशी, मला करून दाखवा."

रत्नाबाईनं उत्साहानं दाखवलं. कळशी, चार पदरी फडकं, तुरटीचा खडा. खडा झिजून सुपारीएवढा झाला होता. "तुमी धीर धरा म्हनलात, म्या धरला. पर माजं नाव घालून घान कशी पाटवू?"

जुईलीनं कपाळाला हात लावला. मग तिनं समजावून सांगितलं, न रागावता. बाटलीत घाण किती आहे हेच तर बघायचं होतं. ती दिसली असती तर दुसरी लाइन जोडू दिली नसती.

रत्नाबाई उभी होती ती भिंतीला टेकून खाली बसली. "म्हंजी इहीर म्याच घालवली?"

"मी घालवली," जुईली म्हणाली. "इतके मंगळवार मी हौदापर्यंत उतरले नाही."

मग रत्नाबाई उठली आणि पदर खोचला. "तुमच्या सरास्नी बलवा. म्या सांगते समद्यांम्होरं. चूक माजी हाय, झाकायची कशापायी?"

सर दोन दिवसांनी आले, बरोबर निषाद. हौदाच्या कडेला, त्या वासात, रत्नाबाईनं सगळं सांगितलं. कळशी, फडकं, तुरटी, काही लपवलं नाही. मागं भिकू दात खात उभा होता. तिला वाटलं, सर चिडतील. मग गाळ हातात घेतील आणि लाइन बंद करायला सांगतील.

सरांनी घड्याळाकडं पाहिलं. "अहवाल गेलाय, बाई. परिषदेत वाचूनही झालाय. आता हे बोलून काय साधणार?"

"लाइन तोडा की! माजी इहीर सडतीय."

निषाद मात्र हसला. मनापासून, पोट धरून. "तुरटी? फक्त तुरटी? मग टाकू की पोती आणून. सर, चालतं ना हे?"

"म्हणजे... तुरटीनं निवळणं ही मान्य पद्धत आहे," सर म्हणाले. ते कर्दळीकडं बघत होते. "शेवटच्या हौदात, गरजेप्रमाणे."

"गरजेप्रमाणे म्हणजे तपासणीच्या दिवशी?" जुईलीनं विचारलं. "सर, गाळ तळाला बसतो, जात नाही. आणि विहिरीत झिरपतंय ते?"

"जुईली, तुझा प्रबंध याच आकड्यांवर आहे ना?" सर तिच्याकडं न बघता म्हणाले. जुईली गप्प झाली. ओढ्यातलं पाणी मात्र वाहत राहिलं, त्याला गप्प बसवायला कुणाजवळ काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुरटीची सहा पोती आली आणि ती टाकायचं काम भिकूला मिळालं. एका बाईच्या लाजेतून निघालेली खोड शिकल्यासवरल्या माणसांनी उचलली आणि तिची पद्धत करून टाकली. याची किळस यायला नाक लागत नाही.

"ह्ये पाप करू नगासा," रत्नाबाई म्हणाली.

"तूच शिकिवलंस की त्यास्नी," भिकू म्हणाला. "आता गप ऱ्हा. साहेब वैशूला हापिसात लावतो म्हनलाय."

"मला नगं त्याचं हापिस," वैष्णवी आतून ओरडली. ती मानेला खोबरेल लावत होती.

तिसऱ्या टप्प्याची परवानगी बाकी होती. शिमगा होऊन आठच दिवस झाले होते, तेव्हा सरकारी तपासनीस आला. ओढा भरून वाहत होता. भिकूनं पहाटेपासून तिसऱ्या हौदात तुरटी ओतली होती आणि बाहेरचं पाणी काचेसारखं झालं होतं. हौदाच्या कडेला सतरंजी, शाल, श्रीफळ. मेलेल्या पाणकणसाच्या जागी रातोरात कुंड्यांतली झाडं उभी केली होती. जुईली बर्फाचा डबा घेऊन एका बाजूला उभी होती.

तपासनीस चांगला माणूस दिसला, निदान घाईतला तरी. "नमुना नेहमी कोण घेतं?"

"इथलीच महिला," सर म्हणाले. "सुरुवातीपासून लोकसहभाग आहे आमचा. या, रत्नाबाई."

रत्नाबाई पुढं आली. निषादनं हिरव्या बुचाची बाटली तिच्या हातात दिली, लांबून, दोन बोटांत धरून. कॅमेरावाला सरसावला. ती तिसऱ्या हौदापाशी गेली, निवळशंख पाण्याकडं तिनं बघितलं, आणि वळून चालायला लागली. वीस पावलं. कुणाला काही कळायच्या आत तिनं पोहरा विहिरीत सोडला.

"अहो बाई, तिकडं कुठं? इथलं घ्या," तपासनीस म्हणाला.

"रत्ने, माघारी ये!" भिकू ओरडला.

रहाट करकरला. पोहरा वर आला तसा वास आला. सतरंजीपर्यंत आला. तिनं काही गाळलं नाही. पोहरा कलंडला आणि बाटली भरली, करड्या फेसाची, आत केसाचा एक गुंता तरंगणारी. बूच लावून, बाहेरून पदरानं कोरडी करून ती परत आली.

"तितलं पानी तुरटीचं हाय. ती खोड माजीच," ती तपासनिसाला म्हणाली. "ह्ये माज्या इहिरीचं हाय. वरीस उलटलं, साफ व्हनार, साफ व्हनार म्हनत्यात. बगा."

तपासनिसानं बाटली घेतली नाही. एक पाऊल मागं सरकून तो म्हणाला, "विहिरीचा नमुना आमच्या फॉर्मात नाही."

"बाईंची तब्येत बरी नसते," निषाद म्हणाला. सरांनी मान खाली घातली. ते त्याच काठावर उभे होते, जिथं उतरून त्यांनी पहिल्या दिवशी गाळाचा वास घेतला होता. आज त्यांच्या नाकाला रुमाल होता.

बाटली पुढं धरून रत्नाबाईचा हात भरून आला. कुणी घेईना. मग जुईली पुढं झाली. तिनं पिशवीतून कोरी चिठ्ठी काढून चिकटवली, ठिकाण लिहिलं, विहीर, आणि पुढच्या ओळीवर पेन थांबवलं.

"जुईली," सर म्हणाले.

"कुणाचं नाव घालू, काकू?" जुईलीनं विचारलं.

"आन हिकडं." रत्नाबाईनं पेन घेतलं, बाटली गुडघ्यावर टेकवली आणि वाकड्या, मोठ्या अक्षरांत स्वतःच लिहिलं. ढमाले चिठ्ठीत मावलं नाही, ते खाली काचेवर आलं. जुईलीनं बाटली बर्फात ठेवली, डब्याचं झाकण लावलं आणि डबा उचलून ती पौड रस्त्याकडं एकटीच चालू लागली. जीप तिथंच उभी होती.

भिकू काहीबाही ओरडत होता. रत्नाबाईनं पोहऱ्यात उरलेलं पाणी तिथंच, सतरंजीच्या कडेला ओतलं आणि दाताळं घेऊन ती जाळीकडं गेली. दिवस सोमवारचा होता.